गंधार फाटू नये म्हणून : एका ओव्हरड्राइव्ह पेडलच्या नोंदी

६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

सदाशिव पेठेत ताईंच्या घरी बसलो होतो. सोसायटीच्या गणपतीसमोरचा कार्यक्रम पक्का झाला, ४ सप्टेंबर, नववा दिवस. तीन अभंग, दोन नाट्यपदं, दोन भावगीतं. गायला ताई, पेटीवर काका, तबला, टाळ आणि इलेक्ट्रिक गिटारवर मी. बास गिटार नाही, ड्रम नाहीत.

माझी अडचण आज पहिल्याच गाण्यात कळली. अंतरा संपला की ताई षड्जावर (सा वर) येऊन आठ मात्रा थांबतात आणि त्यांच्याखाली मला तोच षड्ज धरायचा आहे. क्लीन, म्हणजे पेडलशिवायच्या, गिटारचा सूर चौथ्या मात्रेला विरून जातो. तार पुन्हा छेडली तर ठोका ऐकू येतो आणि ताईंनी बांधलेली शांतता मोडते. काका म्हणाले, "माझ्याकडे भाता आहे, तुझ्याकडे नाही. काहीतरी सोय कर."

ती सोय ओव्हरड्राइव्ह पेडलने, म्हणजे गिटार आणि ॲम्पच्या मधे लावायच्या, पायाने चालू-बंद होणाऱ्या डबीने करायची असं ठरवलंय. तारेचा सिग्नल व्होल्टच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असतो. पेडल तो कितीतरी पटींनी मोठा करतं आणि त्यातले डायोड नावाचे छोटे भाग त्याची टोकं दाबून टाकतात. छेडल्याच्या क्षणीचा मोठा ठोका दबतो, मागून विरत जाणारा भाग मात्र अजून दाबण्याइतका मोठा असतो, म्हणून दोन्ही जवळजवळ एकाच उंचीचे ऐकू येतात. सूर लांबतो तो असा. त्याबरोबर येणारी खरखर किती आणि कोणत्या जातीची ठेवायची, हे या दोन महिन्यांचं काम.

१३ जुलै, रविवार

भाच्याकडून दोन पेडल आणली, इबानेझचं टीएस-९ ट्यूब स्क्रीमर आणि बॉसचं एसडी-१. पहिलं १९८२ पासूनचं, आणि त्याचा पाया म्हणजे १९७९ चं टीएस८०८, सुसुमू तामुरा यांची रचना. एसडी-१ हे १९८१ चं, १९७७ च्या ओडी-१ चं पुढचं रूप. दोन्हींत तीनच नॉब : ड्राइव्ह, टोन, लेव्हल. भाचा म्हणाला, "मावशी, ड्राइव्ह फुल ठेव, मग मजा." तो ज्या संगीतात वाजवतो तिथे ते बरोबरच आहे.

घरी १५ वॅटच्या ॲम्पवर दोन तास वाजवलं. टीएस-९ फार आवडलं. सूर गोल, मधला भाग पुढे, लांबलचक मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं). एसडी-१ त्यामानाने थोडं खरबरीत. आजचा निर्णय : टीएस-९.

२० जुलै, रविवार

गेल्या रविवारचा निर्णय मागे घेते.

ताईंकडे पहिली पूर्ण तालीम झाली. घरी जो सूर मधासारखा वाटत होता तो पेटीशेजारी बसल्यावर दिसेनासा झाला. दिसावा म्हणून लेव्हल वाढवली तर पेटी दिसेनाशी झाली. काकांनी भाता थांबवला आणि म्हणाले, "सूर बरोबर आहे गं. पण तू माझ्याच खुर्चीत येऊन बसतेस."

एवढं नेमकं वर्णन मी पेडलांबद्दल कुठे वाचलेलं नाही. नंतर एसडी-१ लावून पाहिलं. गर्दी तशीच, वर दोन तारा एकत्र वाजवल्या की घशात अडकल्यासारखी गुरगुर.

घरी एकटीने वाजवून पेडल निवडणं ही चूक होती. एकटी वाजवताना सगळी जागा आपलीच असते, त्यामुळे जो सूर मधली जागा भरून टाकतो तोच सगळ्यात सुंदर वाटतो.

२२ जुलै

ऑफिसमधून आल्यावर टीएसचं सर्किट कागदावर काढलं. सगळी मेख एका रेझिस्टर-कपॅसिटरच्या जोडीत आहे : ४.७ किलोओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरड. या जोडीचा कोपरा, म्हणजे जिथून उतार सुरू होतो ती जागा, साधारण ७२० हर्ट्झवर येतो. त्याच्या खालच्या सुरांना गेन (सिग्नल किती पटींनी मोठा होतो ते) कमी कमी मिळत जातो, म्हणजे खर्जाच्या तारा डायोडवर आदळून चिखल करत नाहीत. पुढे टोनच्या भागातही १ किलोओहम आणि ०.२२ मायक्रोफॅरड आहेत, त्यांचा कोपराही तिथेच, ७२३ हर्ट्झला, पण तो वरचे सूर कापतो. खालून एक उतार, वरून एक उतार, मधे टेकडी.

रॉक बँडमध्ये ही टेकडी म्हणजे वरदान. खाली बास आणि पायाने वाजवायचा ड्रम, वर झांजा, मधली जागा मोकळी, तिथे गिटार उभी राहते. ट्यूब स्क्रीमर इतकी वर्षं टिकलं त्याचं मोठं कारण हेच असावं असं मला वाटतं.

आमच्या बैठकीत मात्र खाली कोणीच नाही आणि मधे दाटी. ताईंची पट्टी काळी चार (पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा), म्हणजे मध्य षड्ज साधारण २०८ हर्ट्झ. त्याचा तिसरा उपस्वर (मूळ सुराच्या तिप्पट कंपनांचा, त्याच्याच पोटातला सूर) ६२३ ला आणि पाचवा १०३८ ला. ताईंचा आवाज, पेटी आणि माझी टेकडी, तिघं ७२० च्या अवतीभवती एकमेकांना कोपर मारत बसलेत. नॉब फिरवून हे सुटणार नाही, कारण पहिला कोपरा नॉबवर नाहीच.

म्हणून स्वतः बांधायचं. टीएसचाच आराखडा, पण ०.०४७ च्या जागी ०.१ मायक्रोफॅरड, म्हणजे कोपरा ३३९ हर्ट्झला. ०.२२ घातला तर १५४. दोन्ही लावून पाहीन.

२६ जुलै, शनिवार

तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. पासोड्या विठोबापाशी गाडी लावायला जागा मिळेना, शेवटी लांब लावून पावसातून चालत आले.

४५५८ हा ऑप-ॲम्प, म्हणजे सिग्नल मोठा करणारी आयसी (चिप), पहिल्याच दुकानात मिळाला. दुकानदाराने विचारलं, "होम थिएटरच्या बोर्डासाठी ना?" ज्या आयसीसाठी जगभरचे गिटारवाले हळवे होतात, तीच आपल्याकडे बास-ट्रेबलच्या प्रत्येक बोर्डात बसलेली असते, आणि रिपेअरिंगवाल्यांना तिचे पाय तोंडपाठ असतात. याचा मला मनापासून आनंद झाला. १एन४१४८ डायोड मूठभर घेतले, लाल एलईडी घेतले, झिरो पीसीबी (भोकांचा कोरा बोर्ड), आयसीचा सॉकेट, अॅल्युमिनियमचा डबा. ट्रान्झिस्टर २एससी१८१५ मिळाला नाही, बीसी५४७ घेतला. टोनला २० किलोओहमच्या जागी २२ चा पॉट (नॉबमागचा बदलता रेझिस्टर). ड्राइव्हसाठी ५०० किलोओहमचा लॉग पॉट (सुरुवातीला हळू वाढणारा) हवा होता, लिनियर (सारख्या गतीने वाढणारा) मिळाला. पायाने दाबायचा नऊ पायांचा स्विच गल्लीत नव्हता, तो ऑनलाइन मागवला.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळी ९ ते संध्याकाळी ६ सोल्डरिंग. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा आवाज नाही, फक्त बारीक फुरफुर.

मल्टिमीटर लावला. दोन १० किलोओहमच्या मधून ४.५ व्होल्ट बरोबर येत होते. ४५५८ च्या आठव्या पायावर ९, पहिल्या आणि सातव्या पायावर ४.५ च्या जवळ, म्हणजे आयसी ठीक. चूक ट्रान्झिस्टरपाशी सापडली. २एससी१८१५ चा सपाट चेहरा आपल्याकडे धरला तर डावीकडून एमिटर, कलेक्टर, बेस असे पाय येतात. बीसी५४७ चे येतात कलेक्टर, बेस, एमिटर. मी जुन्या आराखड्याच्या भोकांत नवा ट्रान्झिस्टर तसाच बसवला होता. सर्किटातले दोन्ही ट्रान्झिस्टर काढून पाय नीट वळवून लावले आणि पेडल बोललं. कोणी हा बदल करणार असेल तर भोकं पाडण्याआधी पाय तपासून घ्या, माझे अडीच तास गेले.

१० ऑगस्ट, रविवार

आजचा दिवस फक्त डायोडचा. त्यांच्या जागी सॉकेट ठेवले होते, त्यामुळे भराभर बदलता आले. मोबाइलवर काळी चारचा तानपुरा लावून ठेवला होता आणि काका मुद्दाम ऐकायला आले होते.

आधी दोन्ही बाजूंना एकेक १एन४१४८, म्हणजे टीएससारखं. लाटेची वरची आणि खालची टोकं सारखीच दाबली जातात. अशा समान दाबण्याने विषम उपस्वर वाढतात, तिसरा आणि पाचवा. षड्जाचा तिसरा उपस्वर म्हणजे पंचम आणि पाचवा म्हणजे गंधार. मी चौथ्या तारेच्या सहाव्या पडद्यावर (फ्रेटवर) षड्ज धरला, ड्राइव्ह हळूहळू वाढवला, आणि काका एकदम म्हणाले, "थांब. गंधार बोलला." तानपुऱ्यात ऐकू येतो तो स्वयंभू गंधार माझ्या गिटारमधून येत होता. अंगावर काटा आला.

मग एका बाजूला दोन डायोड आणि दुसऱ्या बाजूला एक, एसडी-१ च्या पद्धतीने. आता लाट एकीकडून जास्त दबते आणि सम उपस्वरही वाढतात, त्यातला दुसरा म्हणजे तार षड्ज. सूर भरदार झाला, पण तो गंधार मागे गेला. मग लाल एलईडी. सिलिकॉनचा डायोड ०.६ व्होल्टच्या आसपास उघडतो, लाल एलईडी साधारण १.७ ला. त्यामुळे आवाज बराच मोठा आणि मोकळा, पण दाब कमी, सूर लवकर खाली बसतो. ज्यासाठी हे सगळं मांडलं ती आठ मात्रांची लांबी मिळाली नाही. एलईडी बाद.

त्यानंतर २० जुलैच्या त्या गुरगुरीचा छडा लावला. एका वेळी एक तार वाजली की सगळे उपस्वर तिच्याच पटीत असतात, भांडण नाही. दोन तारा एकत्र दाबल्या गेल्या की त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही सूर तयार होतात. षड्ज-पंचम चालतो. षड्जाचा तिसरा उपस्वर आणि पंचमाचा दुसरा यांच्यात सेकंदाला एक ठोकाही पडत नाही, आणि वजाबाकीचा सूर येतो १०३.५ हर्ट्झ, म्हणजे जवळजवळ नेमका खर्जातला षड्ज. षड्ज-गंधार मात्र फाटतो. पडद्यावरचा गंधार २६१.६ हर्ट्झ आहे, षड्जाच्या पोटातला स्वयंभू गंधार खाली उतरवला तर २५९.६ येतो. दोन हर्ट्झचा फरक, पण वरच्या उपस्वरांत तो सेकंदाला ८ ठोके घालतो. वजाबाकीचा सूर ५४ ला पडतो, तिथे हवा होता ५१.९. क्लीन गिटारमध्ये हे सगळं झाकलेलं राहतं, ओव्हरड्राइव्ह ते उघडं करतो.

काकांना हे समजावायला लागलंच नाही. पेटीचा गंधारही असाच चढा असतो आणि ते आयुष्यभर त्याच्याशी जुळवून घेत आले आहेत. ते म्हणाले, "आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दूर ठेवलं. मींड नाही, श्रुती नाहीत, ही तक्रार होती. तुझ्या तारेला मींड येते. मग पडद्यावर बसून का राहतेस?"

मी तिसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर, कोमल गंधारावर, बोट ठेवलं आणि तार ओढत शुद्ध गंधाराकडे नेली, पण पडद्याच्या गंधारापर्यंत न जाता किंचित अलीकडे थांबले. तानपुऱ्याला तो चिकटला. ओव्हरड्राइव्ह चालू असूनही एक ठोका नाही. अर्धा तास मी फक्त तेवढंच करत होते.

ठरलं : समान डायोड. पेडल चालू असताना एका वेळी एकच तार, फार तर षड्ज-पंचम. गंधार नेहमी ओढून.

१२ ऑगस्ट

लिनियर पॉटचा त्रास. पहिल्या पाव फेरीतच गेन झपाट्याने चढतो आणि पुढचं सगळं फिरणं वाया जातं. टीएसचा गेन १२ पटींपासून ११८ पटींपर्यंत जातो, मला त्यातला खालचा भागच हवा आहे. ५०० च्या जागी १०० किलोओहमचा लिनियर पॉट लावला. आता १२ ते ३३ पट. नॉब पूर्ण फिरतो आणि प्रत्येक जागेला अर्थ आहे. हा बदल मला सगळ्यात आवडला.

१७ ऑगस्ट, रविवार

दुसरी तालीम. नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव चालू आहे, खिडक्या बंद करूनही ऐकू येत होता, तबलजींनी दोनदा हात थांबवला.

०.२२ मायक्रोफॅरड काढून टाकला. त्याने खर्जाची तार डग्ग्याच्या घुमण्यावर बसत होती. ०.१ वर सगळं उघडलं. टेकडी नाहीशी झाली नाही, पण सखल झाली, आणि काका त्यांच्या खुर्चीत परत बसले. टोन मध्याच्या जरा खाली ठेवला तर टाळांशीही भांडण नाही.

ड्राइव्ह पाव फेरी, लेव्हल पाऊण. काही जण याच्या उलट ठेवतात. ड्राइव्ह कमी ठेवला की गिटारच्या व्हॉल्यूम नॉबवर सगळं खेळता येतं : ६ वर ठेवला तर जवळजवळ क्लीन, ताई थांबतात तिथे १० वर नेला की सूर उभा राहतो. स्विच दाबण्याचा खट्ट आवाज अभंगाच्या मधे नको होता, ती गरजच उरली नाही. व्हॉल्यूम उतरवला की वरचे सूर मंदावतात. त्यावर उपाय आहेत, पण मला तो मंद सूर ओव्यांच्या चालीसाठी हवाच आहे, म्हणून तसाच ठेवला.

२४ ऑगस्ट

वीजपुरवठा. माझ्या स्वस्त अडॅप्टरची बारीक शिटी येत होती, ड्राइव्ह वाढवला की शिटीही वाढते, कारण पेडलला सूर आणि कचरा यांतला फरक कळत नाही. ९ व्होल्टची बॅटरी लावली, शिटी बंद. या सर्किटला काही मिलिअँपिअरच लागतात, एक बॅटरी कार्यक्रमाला सहज पुरते. गिटारच्या वायरचा जॅक पेडलमध्ये लावलेला राहिला की बॅटरी उतरत राहते, म्हणून वाजवणं संपलं की जॅक काढायचा. अडॅप्टरसाठी उलट जोडणीपासून वाचवणारा डायोड घातला. गिटार पेडलच्या अडॅप्टरला मधला भाग ऋण असतो, घरातल्या बऱ्याच अडॅप्टरना धन.

३ सप्टेंबर, मांडवात

साउंडवाले दादा म्हणाले, "ॲम्प कशाला, पेडलची वायर द्या, सरळ मिक्सरला घालतो." घालून पाहिलं. माश्या घोंगावल्यासारखा आवाज. गिटारचा स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या वरचं फारसं वाजवत नाही, डायोडने तयार केलेले सगळे काटे तो गाळून टाकतो. मिक्सरला सरळ गेलं की ती चाळणीच जाते. दादांनी ऐकलं, लगेच पटलं त्यांना. ॲम्पसमोर गायनाचा साधा डायनॅमिक माइक लावला, स्पीकरच्या कोनच्या मधोमध धरला तर टोचत होतं, कडेला सरकवला तर बरोबर.

दुसरी गोष्ट लाइटच्या माळांची. माझ्या गिटारचे पिकअप (तारांची थरथर पकडणारे भाग) सिंगल कॉइल, एकेरी गुंडाळीचे, मखराकडे तोंड केलं की भुणभुण. दोन पावलं मागे आणि अंगाने थोडं तिरकं बसलं की ती जवळजवळ जाते. बसायच्या जागेवर सतरंजीला खडूने खूण केली.

४ सप्टेंबर

झालं. साडेसातला सुरू, नऊला आरती.

दुसऱ्या अभंगात ताई षड्जावर आल्या. मी करंगळीने व्हॉल्यूम वर नेला, तार एकदाच छेडली. आठ मात्रा सूर उभा राहिला. सहाव्या मात्रेच्या सुमारास तो गंधार आतून बोलायला लागला आणि ताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग त्या ठरलेल्यापेक्षा चार मात्रा जास्त थांबल्या. बाराव्या मात्रेला माझा सूर बारीक झाला होता, पण होता.

नाट्यपदांना पेडल चालूच केलं नाही. तिथे पेटीच हवी.

७ सप्टेंबर, रविवार

काल विसर्जन झालं. आज भाच्याला दोन्ही पेडल परत केली. त्याने माझं पेडल त्याच्या बँडच्या तालमीत लावून पाहिलं आणि बास-ड्रमच्या मधे ते हरवलं असं सांगितलं. त्याला टीएस-९ च योग्य.

नॉबच्या जागा डब्यावर नेलपेंटच्या ठिपक्यांनी पक्क्या केल्या. ६ ऑक्टोबरला कोजागिरीची बैठक आहे आणि ताईंना घसा जपायला काळी तीन हवी आहे. मग माझा कोमल गंधार तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पडद्यावर येतो, तिथे तार ओढायला जड जाते. चौथ्या तारेच्या सातव्या पडद्यावरून नेऊन पाहिला. ती तार जाड, गुंडाळीची, ड्राइव्हला वेगळं उत्तर देते. उद्यापासून तिथून गंधार ओढायचा रियाज.